एकाच कोकणकड्याचे पाच फोटो

ऑक्टोबरच्या मध्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोहोचलात, तर अंधार पडेपर्यंत कॅमेऱ्याच्या कार्डावर दीडशे फोटो सहज जमतात. घरी येऊन ते स्क्रीनवर उघडले की त्यातला एकही आपण पाहिलेल्या कड्यासारखा दिसत नाही. माझंही तेच झालं. पायथ्याच्या पाचनई गावाकडून चढलो, कड्यावर जागा धरून ट्रायपॉड लावला, सूर्य ढगाआड जाऊन पुन्हा बाहेर येईपर्यंत दम धरला. एवढं करून हाती काय, तर वर पांढुरकं आभाळ, खाली काळा ठिक्कर कातळ आणि मधे राखाडी धुरळा.

यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. आपण तिथे उभे असताना डोळा आभाळाकडे गेला की बुबुळ आकसतं, कड्याच्या पोटात बघितलं की मोठं होतं, आणि हे दोन अनुभव मेंदू गुपचूप एकत्र शिवतो. सेन्सर मात्र एका क्षणी एकच मोजमाप घेतो. त्यामुळे एडिटिंग म्हणजे खोटेपणा, हा जुना वाद मी आता घालत नाही. फाइलमध्ये माहिती असते आणि तिचा फोटो आपल्यालाच करायचा असतो. प्रश्न उरतो तो कोणता फोटो करायचा हा. त्या संध्याकाळच्या एकाच रॉ फाइलपासून, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीपासून, मी पाच वेगळे फोटो केले. प्रत्येकाची वाट वेगळी, आणि एका वाटेवरचं पाऊल दुसरीवर टाकलं की हमखास घोळ. ते सगळं इथे पायरीपायरीने सांगतो. मी लाइटरूम हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो म्हणून स्लायडरची नावं तिथली येतील, पण फुकट मिळणाऱ्या डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्येही हीच कामं होतात. फक्त बटणं वेगळ्या जागी असतात.

फाइल आणि तिच्यातलं सामान

फोटो २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. एफ/११, १/४० सेकंद, आयएसओ १००. आभाळ जळून कोरं पांढरं होऊ नये म्हणून मुद्दाम एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडात घेतलेला. डावीकडून वाटीसारखा आत वळत गेलेला कडा, पायाशी पिवळं पडत चाललेलं गवत, खाली कोकणात साचलेलं धुकं, पलीकडे एकामागे एक विरत गेलेल्या डोंगररांगा, आणि वर सूर्याला अर्धवट झाकणारे ढग. कड्याच्या कडेला दोन माणसं पालथी पडून खाली डोकावतायत. ही माणसं मला फोटो काढताना दिसलीही नव्हती.

रॉ असणं इथे फार महत्त्वाचं. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि दाबून लहान केलेल्या नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये २५६. अंधारातला कातळ वर उचलताना हा फरक लगेच कळतो. रॉमध्ये खडकाचे थर दिसू लागतात, जेपेगमध्ये नुसते डाग. तुमच्याकडे जेपेगच असेल तर पुढचं सगळं करा, पण प्रत्येक स्लायडर मी सांगतोय त्याच्या निम्म्यावर थांबवा.

स्लायडरला हात लावण्याआधी एक वाक्य

ही पायरी सगळ्यांना बाळबोध वाटते. मलाही वाटायची. मग एकदा पावसाळ्यातल्या एका फोटोवर तीन तास घालवले. गवत पोपटी, आभाळ निळंशार, ढग भरीव, कातळ लखलखीत. घरी दाखवला तर आई म्हणाली, "छान आहे, पण हे कॅलेंडर कुठलं?" त्या फोटोत सगळंच ओरडत होतं, त्यामुळे ऐकू काहीच येत नव्हतं.

तेव्हापासून फोटो उघडला की आधी कागदावर एक वाक्य लिहितो. या फाइलसाठी पाच वाक्यं निघाली:

सूर्य बुडायच्या आधी तिथे असंच दिसत होतं.
हा कातळ फार जुना आहे.
खाली कोकणात अंधार झाला आणि वर अजून उजेड आहे.
डोंगरामागे डोंगर विरत गेले.
दोघं जण पालथे पडून खाली बघतायत.

प्रत्येक वाक्यातून एक फोटो. ज्या स्लायडरने ते वाक्य पुढे सरकत नाही, त्याला हात लावायचा नाही.

पाचही वाटांचा समान पायथा

आधी लेन्स प्रोफाइल लावा. रुंद लेन्सचे कोपरे काळवंडतात आणि रेषा वाकतात, ते एका टिचकीत सुधारतं. मग फोटो सरळ करा. डोंगरात ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, कारण उतार डोळ्याला फसवतात. उताराची रेषा आडवी धरून फोटो फिरवला तर अख्खी दरी कलते. खाली साचलेल्या धुक्याचा किंवा ढगांच्या तळाचा थर मात्र बहुधा सपाट असतो. मी तोच धरतो.

त्यानंतर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत उजेड-अंधार किती याचा आलेख, बघा. लाइटरूममध्ये J (जे) ही कळ दाबली की जळालेला भाग लाल आणि पूर्ण काळा झालेला भाग निळा दिसतो. माझ्या फोटोत सूर्याच्या भोवतीचा वाटाण्याएवढा भाग लाल होता. तो तसाच राहू दिला. सूर्य पांढरा असणारच. त्याला करडा करायला गेलं की तो थाळीसारखा दिसतो.

सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके आत्ताच पुसा. एफ/११ला ते आभाळात स्पष्ट दिसतात. पुढे कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर प्रत्येक ठिपका घारीएवढा होतो.

आता या पायथ्याच्या पाच व्हर्च्युअल कॉपी करा. मूळ फाइलला धक्का लागत नाही, डिस्कवर जागाही जवळजवळ लागत नाही, कारण कॉपीत फक्त सूचना साठवलेल्या असतात.

पहिली वाट: जसं दिसलं तसं

सर्वांत साधी वाटणारी आणि मला सर्वांत जड गेलेली वाट. इथे शोभेला जागा नाही, आणि कड्यावर जाऊन आलेला कुणीही चूक पकडू शकतो.

सुरुवात व्हाइट बॅलन्सपासून, म्हणजे फोटो किती पिवळा किंवा निळा दिसावा तिथून. कॅमेऱ्याने ऑटोवर ४९०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप) धरलं होतं आणि त्यामुळे संध्याकाळची ऊब निघून गेली होती. मी ५६०० केलं. केल्विनच्या आकड्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण २७०० केल्विनचा, मग सॉफ्टवेअरमध्ये आकडा खाली ओढला की फोटो निळा का होतो? कारण आकडा टाकून आपण सॉफ्टवेअरला सांगत असतो की तिथला प्रकाश इतका पिवळा होता. ते बिचारं तेवढा पिवळेपणा काढायला धावतं.

मग एक्सपोजर (एकूण उजेड) अधिक ०.६, हायलाइट्स (उजळ भाग) उणे ६०, शॅडोज (गडद भाग) अधिक ३५. व्हाइट्सचा स्लायडर आल्ट दाबून धरत उजवीकडे न्या. काळ्या पडद्यावर पहिले ठिपके उमटले की थोडं मागे या. ब्लॅक्ससाठी तेच उलट दिशेने.

शॅडोज अधिक १०० करण्याचा मोह इथेच होतो. करून बघा आणि लगेच परत या. सह्याद्रीचा बसाल्ट मुळात काळसर आहे. तो राखाडी झाला की कड्याचं वजनच जातं. शिवाय खूप उचललेल्या अंधारात जांभळट झाक आणि नॉइज (दाणे) येतो. संध्याकाळी कड्याच्या पोटात अंधार असतोच, तो असू द्या.

आभाळासाठी वरून खाली लिनिअर ग्रेडियंट (हळूहळू विरत जाणारा पट्टा) ओढा, एक्सपोजर उणे ०.५. पण ग्रेडियंट सरळ रेषेत उतरतो आणि कडा काही सरळ नाही, त्यामुळे कड्याचा माथाही काळवंडतो. म्हणून त्याच मास्कमधून (बदल जेवढ्यापुरता लागू होतो त्या भागातून) ल्युमिनन्स रेंजने, म्हणजे उजळपणा बघून, गडद भाग वगळा. ही एक पायरी गाळली की फोटो हौशी हाताचा आहे हे दुरूनच कळतं.

आता हिरवा रंग. पावसाळ्यानंतरच्या सह्याद्रीचे बहुतेक फोटो याच ठिकाणी बिघडतात. गवत डोळ्याला हिरवं दिसतं, पण कॅमेऱ्याच्या हिशेबात त्यातला बराचसा रंग पिवळ्या पट्टीत पडतो. म्हणून हिरव्याचा स्लायडर कितीही हलवला तरी गवत जागचं हलत नाही, आणि वैतागून लोक सरसकट सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवतात. त्याऐवजी पिवळ्याचं सॅच्युरेशन उणे १५, हिरव्याचं उणे २०, हिरव्याचा ल्युमिनन्स उणे १०. ऑक्टोबरातलं गवत अर्धं वाळलेलं असतं, ते पोपटी दिसलं तर फोटोचा महिनाच खोटा पडतो.

शेवटी शार्पनिंग, आणि त्यातल्या मास्किंगचा स्लायडर आल्ट दाबून इतका वाढवा की पडद्यावर फक्त कातळाच्या आणि गवताच्या कडा पांढऱ्या उरतील. आभाळाला शार्पनिंगची गरज नाही, तिथे नुसते दाणे वाढतात.

दुसरी वाट: नुसता कातळ

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. कोकणकडा म्हणजे त्या थरांचा उभा छेद. रंग असले की नजर आधी सूर्याकडे पळते आणि थर नजरेतून सुटतात. म्हणून इथे कृष्णधवल.

पण नुसतं सॅच्युरेशन शून्य करू नका. ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये जा. तिथे आठ रंगांचे स्लायडर असतात आणि प्रत्येक रंग करड्याच्या कोणत्या छटेत उतरावा हे ठरवता येतं. फिल्मच्या काळी हेच काम काचेचे फिल्टर करत. १९२७मध्ये अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स योसेमिटीतल्या हाफ डोम या कातळासमोर उभे होते. आधी पिवळा फिल्टर लावून एक प्लेट घेतली, मग गडद लाल फिल्टर लावून दुसरी. लाल फिल्टरने निळं आभाळ जवळजवळ काळं केलं आणि त्यासमोर उजळलेला खडक उभा राहिला. तोच फोटो पुढे गाजला.

हे वाचून मीही निळ्याचा स्लायडर पार खाली ओढला होता. फोटोत काहीच झालं नाही. साधी गोष्ट विसरलो होतो: कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, संध्याकाळी समोरचं आभाळ नारिंगी असतं, त्यात निळा असतोच कुठे? मग नारिंगी खाली ओढला, तर आभाळाबरोबर वाळलेलं गवतही काळं झालं. शेवटी आभाळाचा वेगळा मास्क करून तिथेच एक्सपोजर उणे १ केलं. तुमचा फोटो सकाळी अकराचा, निळ्या आभाळाचा असेल, तर निळ्याचा स्लायडर सुंदर काम करेल. पण उणे ५०च्या पलीकडे जाऊ नका. आभाळात दाणे येतात आणि कड्याच्या काठावर पांढरी किनार उमटते.

मिक्समधली आणखी एक गंमत धुक्यासाठी लक्षात ठेवा. हवेतले सूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, लाल कमी. त्यामुळे करड्या छटेत लाल रंगाला वजन दिलं की लांबचे डोंगर स्वच्छ दिसतात आणि निळ्याला वजन दिलं की धूसर होतात. मला इथे कातळ हवा होता, म्हणून लाल.

थर उठवायला क्लॅरिटी (कडांचा ठसठशीतपणा) संपूर्ण फोटोवर लावू नका. ब्रश घेऊन फक्त कड्याच्या पोटावर क्लॅरिटी अधिक ३०, टेक्स्चर अधिक २०. मग डॉज आणि बर्न, म्हणजे ठरावीक जागा उजळ किंवा गडद करणं: छोटा मऊ ब्रश, एक्सपोजर अधिक ०.३, आणि ज्या थरांच्या कडांवर तिरपा उजेड आधीच पडला आहे तिथेच हलके हात मारायचे. जिथे उजेड नव्हता तिथे नवा आणायचा नाही. खाचांमध्ये उणे ०.३. या कामाला पाऊण तास लागतो आणि त्यातला बराचसा वेळ काही न करता बघण्यात जातो. लाइटरूम क्लासिकमध्ये बॅकस्लॅशची कळ दाबून आधीचा आणि नंतरचा फोटो आलटून पालटून बघत राहा.

तिसरी वाट: खाली अंधार, वर उजेड

फोटो सूर्यास्ताआधीचा, आणि मला हवी सूर्यास्तानंतरची वेळ. सिनेमावाले भर दुपारी रात्रीचे प्रसंग चित्रित करत, त्याच जातीची ही युक्ती. यात कल्पनेचा भाग पहिल्या दोन वाटांपेक्षा जास्त आहे आणि तसं मी फोटोखाली लिहितोही.

एक्सपोजर उणे १.२. व्हाइट बॅलन्स ४३००. एवढ्याने फोटो निळा होतो, पण रात्र पडत नाही, निळ्या काचेतून बघितल्यासारखं वाटतं. कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंगच कमी दिसतात आणि लाल रंग सर्वांत आधी काळा पडतो. म्हणून लाल आणि नारिंगीचं सॅच्युरेशन उणे ४०, ल्युमिनन्स उणे २०. दोघांपैकी एकाचं जाकीट लाल आहे, ते विझलं तेव्हा कुठे संध्याकाळ खरी वाटली.

आता क्षितिजाची पट्टी वाचवा. तिथे आडवा, अरुंद मास्क घ्या आणि टेंपरेचर परत उबेकडे न्या. सगळ्या फोटोत ऊब फक्त तेवढ्याच पट्टीत. कलर ग्रेडिंगच्या चक्रात शॅडोजना निळ्याकडे किंचित ढकला, सॅच्युरेशन १०च्या आसपास. ३०वर नेलंत तर कातळ शाईत बुडवल्यासारखा होतो.

या फोटोतला उघडा सूर्य अडचणीचा आहे. सूर्य असताना रात्र कशी? माझ्या नशिबाने तो अर्धा ढगात होता, तेव्हा वरून क्रॉप करून काढून टाकता आला. तुमच्या फोटोत सूर्य लख्ख असेल तर ही वाट सोडून द्या. खाली बेलपाडा गावाचे दिवे ब्रशने लावावेत असा मोह मला तासभर होत होता. लावले नाहीत.

चौथी वाट: जलरंगासारखं

ही माझी आवडती, त्यामुळे जरा रेंगाळतो. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी रंगवलेली कोटितीर्थ तलावाच्या परिसराची निसर्गचित्रं कधी बघायला मिळाली तर जवळून बघा. एरवी जलरंगातलं कुठलंही चांगलं निसर्गचित्र चालेल. लांबचं झाड, लांबचा काठ तिथे रेघ मारून दाखवलेला नसतो. तो हवेत मिसळलेला असतो. फोटोवाले मात्र डीहेझ नावाचा, धूसरपणा काढणारा स्लायडर सापडल्यापासून हवाच पुसून टाकायला निघाले आहेत.

डीहेझ सरसकट वाढवला की काय होतं बघा. लांबचे डोंगर जवळच्यांइतकेच गडद होतात आणि दहा किलोमीटरवरची रांग हाताला लागेल इतकी पुढे येते. खोली गेली. अंतर आपल्याला कळतं तेच मुळी धूसरपणावरून: जितकं लांब, तितकं फिकं, निळसर आणि कमी कॉन्ट्रास्टचं. तेव्हा इथे उलट करायचं. डीहेझ उणे १०, क्लॅरिटी उणे २०, टेक्स्चर उणे १५.

मग टोन कर्व्ह, म्हणजे गडद ते उजळ छटा बदलायची वाकवता येणारी रेघ. डावीकडचं खालचं टोक थोडं वर उचला, साधारण दहा टक्क्यांपर्यंत. आता फोटोत पूर्ण काळं काहीच उरत नाही, सर्वांत गडद जागासुद्धा कोळशाच्या राखेसारखी होते. उजवीकडचं वरचं टोक थोडं खाली आणा, म्हणजे पांढऱ्याचा कागदासारखा पांढुरका होतो.

पुढे खरं काम. माझ्या फोटोत चार रांगा आहेत. प्रत्येकीसाठी वेगळा ब्रश मास्क. सर्वांत लांबच्या रांगेला एक्सपोजर अधिक ०.४, कॉन्ट्रास्ट उणे ३०, टेंपरेचर थोडं निळ्याकडे. तिच्या पुढचीला यातलं निम्मं. त्यापुढचीला नावापुरतं. जवळच्या कड्याला काहीच नाही. मास्कच्या कडा वरच्या बाजूला काटेकोर ठेवा, कारण तिथे डोंगराची रेघ आहे, आणि खालच्या बाजूला एकदम मऊ, कारण तिथे धुकं साचलेलं असतं. हे एकदा जमलं की रांगा आपोआप एकमेकींपासून सुटतात.

शेवटी रंग कमी करा. सॅच्युरेशन कमी असं नव्हे, मोजकेच रंग. मी तीन ठेवले: गवताचा मातकट पिवळा, डोंगरांचा राखी निळा, आभाळाचा फिका केशरी. हिरव्याचा ह्यू (छटा) पिवळ्याकडे सरकवला, जांभळ्याचं सॅच्युरेशन पार खाली. फोटो खूप लहान करून बघा, बोटाच्या पेराएवढा. त्या आकारातही तीन रंगांचे तीन पट्टे वेगळे दिसले तर जमलं.

एक सावधगिरी: हा फोटो मोबाइलच्या लखलखीत पडद्यावर मेल्यासारखा दिसतो. शेजारी बाकीचे भडक फोटो असले तर आणखीच. त्याला घाबरून कॉन्ट्रास्ट वाढवू नका. खरखरीत मॅट कागदावर छापल्यावर त्याचा जीव कळतो.

पाचवी वाट: कात्री

इथे जवळजवळ एडिटिंग नाहीच. ते दोघं जण आठवतात? फोटो शंभर टक्के मोठा करून कोपरे तपासताना सापडले. २००० बाय १६०० पिक्सेलचा तुकडा कापला: वर कड्याची धार, तिच्यावर पालथी दोन माणसं, आणि खाली नुसती पोकळी. सूर्य गेला, आभाळ गेलं, कड्याची प्रसिद्ध वाटी गेली. कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघितल्यावर पोटात जो खड्डा पडतो, तो पाचांपैकी याच फोटोत आला.

माणसं चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवा आणि पोकळीला मोठी जागा द्या. लाल जाकिटाचं सॅच्युरेशन अधिक १०, बाकी पहिल्या वाटेचंच सगळं. एवढ्या छोट्या तुकड्यात नॉइज दिसतो, म्हणून नॉइज रिडक्शन जपून, २०च्या आत. त्याहून जास्त केलं तर माणसं मेणाची होतात. ३०० पिक्सेल प्रति इंच धरले तर याची छपाई सुमारे पावणेसात इंच रुंद होते. छोटी छपाई या फोटोला शोभतेही.

वेळ असेल तर उलटंही करा: ६००० बाय २००० असा आडवा पट्टा कापा. आभाळ आणि पायाजवळचं गवत गेलं की रांगांची लय दिसते.

आभाळ बदलावं का

आता सॉफ्टवेअर एका टिचकीत आभाळ बदलून देतं. हा उद्योग नवा नाही. १८५०च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राची एक आणि आभाळाची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून छपाई करत, कारण त्या काळची रसायनं निळ्या प्रकाशाला जरुरीपेक्षा जास्त प्रतिसाद देत आणि आभाळ कोरं पांढरं यायचं. म्हणजे त्यांना समोर दिसलेलं आभाळ परत मिळवायला हा खटाटोप करावा लागत होता.

त्याच कारणासाठी मी एकाच जागेवरून एकाच मिनिटात घेतलेले दोन एक्सपोजर जोडतो, एक आभाळासाठी आणि एक कातळासाठी. ट्रायपॉड असेल तर हे सर्वांत स्वच्छ काम. दुसऱ्या दिवसाचं, दुसऱ्या गावचं आभाळ आणत नाही. तुम्हाला आणायचंच असेल तर निदान सूर्याची बाजू, सावल्यांची दिशा आणि धुक्यावर पडलेला रंग जुळतो का ते बघा. एकाने कोकणकड्याचा फोटो दाखवला होता, दरीच्या पलीकडून उगवणारा सूर्य, खाली "पहाट" लिहिलेलं. पश्चिमेला सूर्य उगवलेला बघून त्या खोलीतले सगळे ट्रेकर गप्प बसले. स्पर्धेला फोटो पाठवणार असाल तर नियम आधी वाचा, जोडलेली चित्रं बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत.

फोनवरच करायचं असेल तर

स्नॅपसीड पुरेसं आहे आणि ते डीएनजी ही रॉ फाइलही उघडतं. फोनच्या कॅमेऱ्यात रॉचा पर्याय असेल तर तो चालू करून काढा. नसेल तरी काळजी नको, फोन बरेच शॉट एकत्र करून आभाळ आणि जमीन आधीच सांभाळतो. उलट तिथे सावल्या जरा जास्तच उचललेल्या असतात. पहिलं काम त्या परत खाली आणण्याचं. मग ठरावीक जागेसाठी सिलेक्टिव्हचे ठिपके, टोनसाठी कर्व्ह्ज. जेपेगमधल्या संध्याकाळच्या आभाळावर कर्व्ह जोरात वाकवला की रंगांचे पट्टे पडतात, तेव्हा तिथे हात हलका ठेवा.

बाहेर काढताना

फोटो रात्री संपवू नका. अंधाऱ्या खोलीत स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलेला फोटो सकाळी काळा वाटतो आणि छपाईत आणखी काळा. मी एकदा मामांच्या घरासाठी १२ बाय १८ इंचाची छपाई करून आणली, कडा सोडाच, माणसंही दिसेनात. चूक माझीच होती, स्क्रीनचा उजेड कमाल पातळीवर होता. आता तो निम्म्याच्या आसपास ठेवतो, छपाईसाठी वेगळी कॉपी करून तिचं एक्सपोजर थोडं वाढवतो, आणि मोठ्या छपाईआधी पोस्टकार्डाएवढी चाचणी छापून ती दिवसा खिडकीजवळ बघतो.

आकडे असे: १२ बाय १८ इंचासाठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलमध्ये ते आरामात बसतात. वेबसाठी रंग एसआरजीबी (पडद्यांची नेहमीची रंगपद्धत), लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग क्वालिटी ८०. इन्स्टाग्रामवर उभा फोटो टाकायचा तर १०८० बाय १३५० धरा. व्हॉट्सअ‍ॅपवरून छपाईची फाइल पाठवायची झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान होते आणि चौथ्या वाटेवर तासभर खपून केलेलं धुकं पहिलं बळी जातं.

पाचांपैकी तीन छापले. कृष्णधवल चकचकीत कागदावर, जलरंगासारखा मॅटवर. मामांच्या भिंतीवर सध्या जलरंगवाला आहे. आईने मात्र पावणेसात इंची तुकडा उचलला, फ्रिजवर चुंबकाने लावला, आणि आल्यागेल्याला विचारते, "हे दोघं पडत कसे नाहीत?"